चढावर धरलेली गाडी

ज्या गाडीत दोन क्लच होते, ती गाडी मी क्लचच नसल्यासारखी चालवली. माझ्या पुढच्या सगळ्या चुका यातूनच निघाल्या. त्यातल्या काहींची किंमत मी मोजली, ती मोजून झाली. काहींचा भुर्दंड दुसऱ्यांना पडला. तो भाग वगळून हे लिहायचं असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

डाव्या गुडघ्याचा लिगामेंट दुखावला आणि डॉक्टरांनी क्लचचं पेडल बंद करायला सांगितलं, तिथून ऑटोमॅटिकचा विषय घरात आला. मी बँकेत नोकरी करते. घर सिंहगड रस्त्याला आणि शाखा तेव्हा हिंजवडीजवळ, म्हणजे वडगावच्या पुलापासून वाकडपर्यंत बाह्यवळणावरची रोजची रांग. त्याआधी मी एकच ऑटोमॅटिक चालवली होती, नाशिकला दादाची. जुनी, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. ब्रेकवरचा पाय जरा सैल केला की ती आपोआप सरकायची. चढावर थांबायचं असलं तर ब्रेकचीही गरज नाही, एक्सलरेटरवर पाय अलगद टेकवला की जागच्या जागी उभी. ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे हे, एवढंच मला ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं ते मी पक्कं धरून बसले.

शोरूममध्ये मी रंग विचारला, डिकी किती मोठी ते पाहिलं, अ‍ॅव्हरेज विचारलं, गाडी हातात कधी मिळेल ते विचारलं. विक्री करणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, डीसीटी आहे, गिअर कधी बदलला ते कळणारही नाही.” मी मान डोलावली. डीसीटी म्हणजे काय, हे विचारलं नाही. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एकाच पाटीखाली तोवर चार निराळी यंत्रं विकली जात होती. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून रुजलेली एएमटी, पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी, जुना टॉर्क कन्व्हर्टर आणि दोन क्लचची डीसीटी. २०२० च्या ह्युंदाई क्रेटामध्ये तर डिझेलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, साध्या पेट्रोलला सीव्हीटी आणि टर्बो पेट्रोलला सात गिअरची डीसीटी होती. गाडी एकच, पायाखाली दोनच पेडल, आणि आतली यंत्रं मात्र स्वभावाने पूर्ण वेगळी. माझ्या गाडीचं नाव मी सांगत नाही, कारण तिचं काही चुकलं नव्हतं. ती कोरड्या क्लचची डीसीटी होती. ‘कोरड्या’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो क्लच खराब झाल्यावर.

आता मला जे कळलं आहे ते तेव्हा कोणी दहा मिनिटं बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून इथे सविस्तर सांगते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक ते तेल जोराने फेकतं, समोरचं दुसरं चाक त्या माऱ्याने फिरू लागतं, आणि दोघांच्या मधला स्टेटर परत येणाऱ्या तेलाला अशी दिशा देतो की जोर वाया न जाता वाढतो. गाडी जागची हलत असताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो तो त्यामुळे. ही मूळ कल्पना जर्मन इंजिनिअर हर्मान फ्योटिंगर यांची. १९०५ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. अशी गाडी चढावर एक्सलरेटरवर धरून ठेवली तर तेल घुसळलं जातं आणि तापतं, पण ते कूलरमधून फिरून पुन्हा थंड होतं. घासून झिजेल असं त्या क्षणी तिथे काही नसतं. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकमेकांना जखडतो, म्हणजे तेलात वाया जाणारी ताकद वाचते. दादाच्या गाडीने माझे सगळे लाड पुरवले ते या तेलाच्या जिवावर.

डीसीटीत गिअरबॉक्स हा खरं तर मॅन्युअलसारखाच असतो, फक्त त्याला दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर, आणि दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. पंगतीत एक वाढपी भात वाढत असतानाच दुसरा वरणाची बादली घेऊन त्याच्या मागे उभा असतो, तसं एका क्लचवर गाडी धावत असताना पुढचा गिअर दुसऱ्या शाफ्टवर आधीच पडलेला असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो, आणि चाकांकडे जाणारा जोर तुटत नाही. पानावरच्या माणसाने वरणाऐवजी ताक मागितलं तर मात्र त्या दुसऱ्या वाढप्याला परत फिरावं लागतं. संगणकाला वाटतं तुम्ही वेग वाढवणार, तो वरचा गिअर तयार ठेवतो, तुम्ही ब्रेक दाबून पुन्हा एकदम रेस देता, आणि गाडी क्षणभर गोंधळते. वाकडच्या पुलाखाली मला हा गोंधळ रोज जाणवायचा. मी तो गाडीचा दोष समजायचे.

दोन क्लचची कल्पना फ्रान्सच्या अडॉल्फ केग्रेस यांनी १९३९ मध्ये मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाहीर केला. तोही तेलाच्या जोडावर चालणारा. तेलाच्या बाजूला लगेच गिऱ्हाईक मिळालं, दोन क्लचना फार वाट पाहावी लागली, कारण एक सोडणं आणि दुसरा धरणं यांचा मेळ क्षणाच्या अंशात घालायला संगणक हवा होता. ऐंशीच्या दशकात पोर्शेने शर्यतीच्या ९५६ आणि ९६२ या गाड्यांत दोन क्लचचा गिअरबॉक्स वापरून पाहिला. विक्रीच्या गाडीत तो आला २००३ मध्ये, फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ मधून. त्या गिअरबॉक्सचे क्लच तेलात भिजलेले होते. २००८ मध्ये त्याच कंपनीने लहान इंजिनांसाठी सात गिअरचा, कोरड्या क्लचचा प्रकार आणला. तो हलका, आणि तेल फिरवण्यात ताकद जात नसल्याने इंधन वाचवणारा. पण कोरड्या क्लचला थंड व्हायला हवा सोडून दुसरं काही नाही.

आणि हे माझ्या कामाचं होतं: ब्रेक सैल केल्यावर माझी डीसीटी जी सरकत होती, ती तेलामुळे नव्हे. संगणक क्लच अर्धवट धरून तिला सरकवत होता. मॅन्युअल गाडी चालवणारा जिला हाफ क्लच म्हणतो तीच ही अवस्था. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण चिकटायला गाडीला साधारण ताशी सहा ते आठ किलोमीटरचा वेग तरी यावा लागतो. त्याखाली सगळा वेळ प्लेट घासत असते. मॅन्युअल गाडीत मी अशी कधी वागले नसते. हाफ क्लचवर गाडी धरली की बाबा ओरडायचे, वास यायचा, पाय भरून यायचा. इथे ते तिन्ही इशारे नव्हते. क्लच माझ्या पायातून काढून घेतला होता आणि मी त्याचा विचारच सोडून दिला होता.

सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. संध्याकाळी परतल्यावर रॅम्पवर समोरून गाडी येत असली की मी उतारावर थांबायचे, आणि सकाळी बाहेर पडताना वरचं फाटक उघडेपर्यंत चढावर. ब्रेक दाबायचा कंटाळा नव्हता, सवय होती. चढावर एक्सलरेटरवर पाय ठेवायचा, गाडी धरायची, वॉचमनने फाटक उघडलं की निघायचं. बाह्यवळणाच्या रांगेत पुढची गाडी हातभर सरकली की मीही हातभर सरकायचे. मध्ये जागा सोडली तर दुचाकीवाले घुसतात, रिक्षा घुसते, मागचा हॉर्न वाजवतो. पुण्यात जागा सोडायला धीर लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

मग पावसाळ्यातला तो शनिवार आला. आम्ही दादरहून पुण्याला परतत होतो, सकाळची वेळ, आणि मुंबईतून निघालेली सगळी गर्दी लोणावळ्याकडे चाललेली. खालापूरचा टोलनाका ओलांडला आणि घाटाच्या पायथ्यापासून रांग लागली. खोपोली ते खंडाळा या टप्प्यात द्रुतगती मार्ग आणि जुना रस्ता एकत्र येतात, त्यात ट्रक आणि चढ. अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, ती अरुंद जागा मोकळी झाली, पण शनिवार-रविवारच्या गर्दीला तेवढ्याने पुरत नाही. आम्ही हातहात सरकत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू. मी पूर्ण वेळ तेच करत होते जे नाशिकला शिकले होते.

समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली. मी ती वाचली आणि इंजिन तापलंय असं समजले. एसी बंद केला, काचा खाली केल्या, पुढे सरकत राहिले. जळक्या क्लचचा वास आत आला तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, हा आपल्याच गाडीचा आहे.” मी म्हटलं, ट्रकचा असेल. घाटात तो वास नेहमीच असतो, हे खरंय. पण मला त्या क्षणी कळलं होतं की ती बरोबर आहे. थांबले तर मागे केवढी रांग अडेल, लोक काय म्हणतील, याची भीती मोठी वाटली. सूचना पुन्हा आली, गाडीने घसरल्यासारखा झटका दिला, तेव्हा कुठे मी डावीकडे घेतली. खरं तर पहिल्या सूचनेलाच बाजूला घेऊन, गिअर पी मध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून थांबायला हवं होतं, म्हणजे गाडी जागेवर उभी राहून क्लचला निवायला वेळ मिळाला असता. मी इंजिन बंद केलं, थोडा वेळ उभे राहिलो, पुन्हा निघालो, आणि वर पोचेपर्यंत तीच चूक करत गेले.

त्यानंतर काही महिन्यांत गाडी थरथरू लागली. थंड असताना ठीक. अर्धा तास रांगेत चालली की पहिल्या-दुसऱ्या गिअरला सगळी गाडी हलायची. सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी क्लचची नव्याने जुळणी करून दिली, संगणकाला झिजलेल्या प्लेटचा अंदाज पुन्हा शिकवला. थोडे दिवस बरं वाटलं, मग थरथर परत आली. वॉरंटी संपलेली होती. नवे क्लच, त्यांची जोडणी असा खर्च लाखाच्या घरात सांगितला गेला.

मी चिडले, आणि ज्याला त्याला सांगत सुटले: डीसीटी घेऊ नका. माझ्याकडे पुरावेही होते, आणि ते खरे होते. २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीच्या, म्हणजे तिच्या डीसीटीच्या, तक्रारींवरून पावणेचार लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सबद्दलचं प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तिथे ग्राहकांना काय सांगितलं जात होतं, हे वाचून माझा राग दुप्पट झाला: गाडी थरथरते ती तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे. भारतातही इकोस्पोर्टच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये २०१३ ला आलेली डीसीटी २०१७ च्या नव्या आवृत्तीत गेली आणि तिथे टॉर्क कन्व्हर्टर आला. मला आणखी काय हवं होतं?

इथे मला थांबून बोलायचंय, कारण हीच जागा सगळ्यात निसरडी आहे. दोष यंत्रात असताना तो ड्रायव्हरच्या पायावर ढकलणं हा अन्याय आहे, आणि तो झालेला आहे. त्या लोकांच्या बाजूने मी आजही बोलेन. पण त्यांच्यावर झालेला अन्याय मी माझ्या पायावर पांघरूण म्हणून घेतला. त्यांच्या गाड्या नीट चालवूनही बिघडल्या होत्या. माझी तशी नव्हती, आणि घाटातला तो वास माझ्या आठवणीत होता.

त्या चिडण्यात माझ्याकडून एकीचं नुकसान झालं. शाखेतल्या एका सहकारी मैत्रिणीने टाटा अल्ट्रोझची डीसीए बुक केली होती. २०२२ मध्ये आलेली ही डीसीटी ओल्या क्लचची आहे, उष्णतेची गोष्टच निराळी. कोरडा आणि ओला यात फरक असतो हे मला ठाऊक नव्हतं आणि मी जाणून घेतलंही नाही. मी तिला माझ्या गाडीची कहाणी इतक्या ठामपणे सांगितली की तिने बुकिंग रद्द केलं आणि दुसरी एक एएमटी घेतली. एएमटीत एकच क्लच असतो, गिअर बदलताना जोर तुटतो, गाडीतली माणसं पुढे-मागे हलतात. बऱ्याच जणांना त्याचं काही वाटत नाही. तिच्या आईला मानेचा त्रास आहे आणि त्यांना ते हेलकावे सोसत नाहीत. आईला दवाखान्यात न्यायला तिला आता रिक्षा करावी लागते. तिने मला कधी बोल लावला नाही. सल्ला देताना आपल्याला किती कमी माहिती आहे, हे मी तिला सांगायला हवं होतं.

भोसरीत एक जुने फिटर आहेत. त्यांनी गाडीला स्कॅनर लावला, क्लचचं तापमान कितीदा मर्यादेबाहेर गेलं याची नोंद मला दाखवली, आणि म्हणाले, “ताई, आता तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो.” आम्ही नाशिक रस्त्याच्या गर्दीत एक फेरी मारली. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, माझ्या उजव्या पायाकडे बघत होते. परत आल्यावर म्हणाले, “क्लच तुम्ही खाल्लाय. गाडी चांगली होती.” आवाजात राग नव्हता. मग त्यांनी समजावलं. सरकायचं असेल तर ब्रेक पूर्ण सोडा, अर्धा दाबून ठेवू नका. पुढे दोन गाड्यांची जागा झाल्याशिवाय निघू नका, आणि निघालात की क्लच पूर्ण धरेल एवढा वेग घ्या. चढावर पाय ब्रेकवर, नाहीतर ऑटो होल्ड. रांग हळूहळू पण सतत चालत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून पहिल्या गिअरवरच ठेवा, म्हणजे गाडी सारखी पहिला-दुसरा करत बसणार नाही.

हे सगळं कळल्यानंतर मी जे केलं ते या लिखाणातलं सगळ्यात वाईट आहे.

मी गाडी विकायला काढली. सासवडचा एक तरुण आला, बायकोच्या नोकरीसाठी त्याला ऑटोमॅटिक हवी होती. थरथर गाडी तापल्यावर येते, हे मला माहीत होतं. मी त्याला रविवारी सकाळी लवकर बोलावलं. रस्ते मोकळे, गाडी थंड, हवा थंड. त्याने बाह्यवळणावर एक चक्कर मारली, खूश झाला. मग विचारलं, “ताई, गिअरबॉक्सचं काही काम?” मी म्हटलं, “सगळी सर्व्हिस कंपनीतच झालीय.” ते वाक्य खोटं नव्हतं. मी ते निवडूनच बोलले होते. किंमत ठरवताना त्याने थोडे कमी करायला सांगितले, मी थोडे केले, आणि आपण उदारपणा दाखवला असं मला वाटलं, हेही लिहून ठेवते.

नंतर मी टॉर्क कन्व्हर्टरची गाडी घेतली. या वेळी सगळं विचारून. फोक्सवॅगन आणि स्कोडासुद्धा इथल्या आपल्या काही गाड्यांत एक लिटरच्या इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि दीड लिटरच्या इंजिनाला सात गिअरची डीएसजी देतात, महिंद्राच्या मोठ्या गाड्यांत आयसिनचा टॉर्क कन्व्हर्टर असतो, एवढं आता मी झोपेतही सांगू शकते. माझी गाडी रांगेत शांत आहे. रॅम्पवर शांत आहे. ती डीसीटीइतकी तत्पर नाही. साताऱ्याच्या रस्त्यावर ट्रकला ओलांडताना रेस दिल्यावर तिला आधी श्वास घ्यावा लागतो. जुन्या गाडीत पाय दाबला की जोर थेट चाकांपर्यंत पोचायचा, मधे काही पातळ झाल्यासारखं वाटायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर मला तिची आठवण येते. अ‍ॅव्हरेजही तिचं चांगलं होतं.

आणि इथेही मी एक चूक करणारच होते. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे निर्धास्त, असं मनाशी धरून मी गिअरबॉक्सच्या तेलाकडे दुर्लक्ष केलं. ते आयुष्यभराचं असतं असं कोणीतरी सांगितलं होतं. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना आठ गिअरचा गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते, हे कळल्यावर मी भोसरीला गेले. माझ्या सगळ्या वाईट सवयी पचवणारं ते तेलच होतं, आणि ते काळं पडलं होतं. फिटरकाकांनी मला ते पांढऱ्या फडक्यावर टिपून दाखवलं.

भाचीकडे डीसीटी आहे, कोरड्या क्लचचीच, आणि ती रोज वाकडहून जाते. एकदा तिच्या शेजारी बसून त्याच रांगेतून गेले. ती पुढे मोठी जागा सोडते. दुचाकी घुसल्या तर घुसू देते. मागचा हॉर्न वाजवतो, तो वाजवू देते. पूर्ण थांबते, मग एकदम निघते, पुन्हा पूर्ण थांबते. गाडी एकदाही थरथरली नाही, आणि क्लच मूळचाच आहे. कोणी रोज अशाच रांगेत असेल, घरात गाडी चालवणारे तीन-चार जण असतील, तर मी आजही टॉर्क कन्व्हर्टर घ्या म्हणेन, कारण प्रत्येकाच्या पायाची शाश्वती देता येत नाही. पण त्या दिवशी भाचीच्या गाडीत बसल्यावर सासवडचा तो तरुण माझ्या डोक्यातून जाईना.

मी त्याला फोन केला. कशासाठी ते आधी सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं ताई. उन्हाळा होता, आणि बायको दिवे घाटातून रोज हडपसरला जाते.” क्लच त्याने बदलून घेतले होते, कर्ज काढून. मी त्याच्याकडे बिल मागितलं. त्याने आधी नको म्हटलं, दोन दिवसांनी पाठवलं. मी सगळे पैसे पाठवले. त्याने ते घेतले, आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं.

नंतर त्यानेच पुन्हा फोन केला. बायकोला फोन देतो म्हणाला, नव्या क्लचचंही तसंच व्हायला नको. मी तिला भोसरीत ऐकलेलं सगळं सांगितलं. ती मधे मधे प्रश्न विचारत होती, मी विचारले नव्हते असे. उतारावर काय करायचं? मी म्हटलं, मॅन्युअलमध्ये टाका, दुसऱ्या गिअरवर उतरा, सारखा ब्रेक लावू नका. चढाची कोंडी लागली तर? ब्रेक दाबून थांबा, पुढचा ट्रक नीट लांब जाऊ द्या, मग एका दमात निघा. मागचे हॉर्न वाजवतात, ती म्हणाली. वाजवू द्या. आणि पडद्यावर सूचना आलीच तर? पहिल्या सूचनेलाच गाडी कडेला घ्या, पी मध्ये टाका, इंजिन चालू ठेवा, आणि कोणी काहीही म्हणालं तरी ती सूचना जाईपर्यंत हलू नका.